तुम्ही विचारलंत म्हणून: खोट्या कातडीवर टेस्ट करून कळतं काय?

जखमेवरची ड्रेसिंग्ज, बँडेज, सक्शनची मशीन्स टेस्ट करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, अहो पण सिलिकॉनच्या खोट्या कातडीवर कसली टेस्ट, सरळ पेशंटवर का नाही करत? निदान डुकराची कातडी तरी घ्या.

डुकराची कातडी वापरतात की, माणसाच्या बरीच जवळची असते. पण एक तुकडा दुसऱ्यासारखा नसतो आणि बाहेर काढला की सुकायला लागतो. पेशंटचं म्हणाल तर डायबेटिसमध्ये ज्याच्या पायाची संवेदनाच गेलीये त्याला बँडेज घट्ट झालंय हे कळतच नाही, मग तो सांगणार काय आणि आपण ऐकणार काय.

शिरांच्या त्रासामुळे पायाला जखम होते ना, तिथे बँडेजचा दाब घोट्यापाशी साधारण ४० मिमी पारा लागतो, बीपी मोजतात तेच युनिट, आणि वर गुडघ्याकडे तो कमी होत जायला हवा. आता गंमत अशी की बँडेज सगळीकडे सारखंच ओढलं तरी बारीक घोट्यावर दाब जास्त येतो, जाड पोटरीवर कमी, हा लाप्लासचा नियम, आणि नडगीच्या कडेवर तर तो एकदम चढतो. म्हणजे सरासरी आकडा बरोबर आणि नडगीवर मात्र कातडी मरतेय असं होऊ शकतं. बरं, मोजायला बँडेजखाली कडक सेन्सर सरकवला की चपलेत खडा गेल्यासारखं होतं, बँडेज त्याच्यावरच ताणलं जातं आणि मीटरवर दिसतो तो खड्यावरचा दाब, पायावरचा नाही. म्हणून सेन्सर कातडीइतकाच मऊ हवा, खरं तर कातडीच सेन्सर हवी. बाकी सगळा खटाटोप यासाठीच.

सोपा मार्ग म्हणजे सिलिकॉनमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी पूड, मिसळायचं, ताणलं की रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, बदलतो. स्वस्त आहे पण मला भरवसा नाही, दाब चढताना एक आकडा आणि उतरताना दुसरा, शिवाय तसाच दाबून ठेवला तर आकडा हळूहळू सरकत जातो. बँडेजही दिवसभरात सैल होतंच, मग सैल नक्की कोण झालं, बँडेज की सेन्सर? मला कपॅसिटिव्ह सेन्सर आवडतात, दोन ताणणारे इलेक्ट्रोड आणि मध्ये मऊ थर, दाबलं की अंतर कमी, त्यामुळे साठणारा विद्युतभार बदलतो आणि त्यावरून दाब कळतो. स्टॅनफर्डच्या झेनान बाओंच्या टीमने २०१० मध्ये या मधल्या रबराला सूक्ष्म पिरॅमिडचा आकार दिला, रबराला दबायला जागा मिळाली आणि अगदी हलका स्पर्शही कळायला लागला. फक्त ओल लागली की हे बिथरतात, आणि जखम म्हणजे ओल आलीच, त्यामुळे शील्डिंगमध्ये, म्हणजे ओलीपासून त्यांना आडोसा देण्यात, डोकं पिकतं.

ओलीवरून आठवलं, ड्रेसिंग किती शोषतं याची स्टँडर्ड टेस्ट, ईएन १३७२६ हे युरोपियन स्टँडर्ड, म्हणजे ३७ डिग्रीच्या खारट द्रावणात ३० मिनिटं बुडवा आणि वजन करा. ठीक आहे, पण वर बँडेजचा दाब असताना तेच फोमचं ड्रेसिंग तेवढं धरून ठेवत नाही. बारीक छिद्रांतून द्रव सोडणारी कातडी असली तर कुठली कड आधी भिजली ते दिसतं. जखमेतला द्रव ओढून घेणाऱ्या सक्शनचंही तेच, मशीन उणे १२५ मिमी पारा दाखवतं पण तो आकडा पंपाकडचा, जखमेच्या तळाशी किती पोचला ते तळालाच विचारावं लागतं.

हे सगळं झालं तरी सिलिकॉनला रक्त नाही, सूज नाही, ॲलर्जी नाही, दुखणं नाही. खरी कातडी आधी सहज ताणते आणि मग आतले कोलॅजनचे धागे सरळ झाले की एकदम कडक होते, ते जमवायला लोक आत जाळीचं कापड घालतात, थोडंफार जमतं. चिकटपट्टीच्या बाबतीत मात्र मी सिलिकॉनवरचा आकडा धरतच नाही. त्याला बरेचसे गोंद नीट चिकटतच नाहीत, आणि पट्टी ओढताना खऱ्या कातडीचा वरचा थर सोबत निघून येतो तसं इथे काही होत नाही. तिथे माणसंच लागतात, धडधाकट, आणि हातावर पट्टी लावून ती सोलून घ्यायला तयार असलेली.