दोन बहारांची मुदत

आज दुपारी प्रयोगशाळेतल्या धाकट्या सहकारिणीने, आमच्या धाकटीने, सहज विचारले, "ताई, तुम्ही गेल्यावर उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमधल्या तुमच्या जिवाणूंच्या नळ्या कुणाच्या नावावर करायच्या?" प्रश्न रास्त होता आणि तिच्या स्वरात आपुलकी होती, तरीही त्यानंतर कामात मन लागले नाही. पीएच.डी.नंतरची ही संशोधन फेलोशिप मार्चअखेर संपते हे मला आधीपासून ठाऊक आहे. मग हे इतके का लागावे?

डाळिंबाचे नवे रोप लावल्यावर पहिली दोन वर्षे त्याचा बहार धरत नाहीत, आधी झाडाचा सांगाडा तयार होऊ देतात. माझी मुदतही दोनच वर्षांची. मी रुजू झाले तेव्हा सांगोल्याकडे ज्या बागा लागत होत्या, त्यांचे पहिले फळ पाहण्याआधीच मी इथून निघालेली असेन. मी ज्यावर काम करते तो तेल्या, म्हणजे डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग, खरा बळावतो तो पावसाळ्यात, मृग बहारात. म्हणजे हाती आले दोनच पावसाळे, आणि त्यांतला पहिला मंजुरीपत्रे व रसायनांची दरपत्रके गोळा करण्यातच बराचसा गेला. विद्यावेतन महिनोन्महिने रखडते. आईला ते सांगत नाही. आता मी विद्यार्थिनी नाही आणि प्राध्यापकही नाही, आणि मी जपलेल्या जिवाणूंना दुसऱ्याचे नाव लागणार.

एवढे लिहून थांबले. नाव लागावे, एवढ्यासाठीच का मी आले होते?

या दोन वर्षांत प्रथमच प्रश्न माझा स्वतःचा होता. पीएच.डी.चा विषय सरांच्या प्रकल्पातून आला होता. वरून निरोगी दिसणाऱ्या गुटी कलमांतून (झाडावरच्याच फांदीला मुळे फोडून केलेल्या रोपांतून) तेल्या नव्या बागेत कसा शिरतो, हे शोधायचे मात्र मी ठरवले. एकही डाग नसलेल्या कलमाच्या पानांतून काचेच्या बशीत झँथोमोनासच्या, म्हणजे तेल्याच्या जिवाणूच्या, पिवळ्या, चकचकीत वसाहती उमटल्या, त्या दिवशीचा आनंद मला कुणाला नीट सांगता आला नाही. बागायतदार काकांना फोन केला, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी त्या गुट्या लावायच्या नाहीत असे ठरवले.

भारतात या रोगाची नोंद 1952 मध्ये झाली, सोलापूरजवळच्या केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 मध्ये उभे राहिले, आणि आमच्याकडचा लाडका भगवा वाण आजही तेल्याला बळी पडतो. इतक्या लांबलेल्या कामात माझ्या वाट्याला दोन पावसाळे आले, याचे दुःख दुपारी वाटले तितके आता वाटत नाही. ज्यांनी जपलेल्या नमुन्यांवर मी सुरुवात केली, त्यांतल्या कित्येकांची नावे मलाही ठाऊक नाहीत.

नोंदवहीत गाव, बहार आणि गुटी कुठून आणली, एवढे आहे. शेजारच्या बागेत तेल्या कधी दिसला, छाटणीच्या कात्र्या कोणाच्या बागेतून फिरत आल्या, हे बागायतदारांनी बांधावर बोलता बोलता सांगितलेले फक्त माझ्या लक्षात आहे. तेही आता धाकटीसाठी लिहायला घेतले आहे.