साडेपाचशे मैल गाडी हाकून खड्डे खायला गेलो

आधीच सांगून ठेवतो, स्नोमोबाइलचे (बर्फावर चालणारी स्कूटर म्हणा) व्हिडिओ बघून प्लॅन करू नका. व्हिडिओत एकच माणूस असतो, पांढरा शुभ्र रस्ता असतो, मागे बर्फाचा फवारा उडत असतो आणि वर निळं आभाळ. आम्ही गेलो तेव्हा चौघं होतो, रस्ता कपडे धुवायच्या फळीसारखा होता, आणि आभाळ दिवसभर राखाडी.

आम्ही राहतो डेट्रॉइटच्या बाजूला, नोव्हायला. भाचा शिकतो हॉटनला, मिशिगन टेकमध्ये. एकाच राज्यात आहे म्हणून बहिणीला वाटतं मी दर रविवारी त्याला डबा देऊन येतो. इथून हॉटन साडेपाचशे मैलांच्या आसपास पडतं, बर्फ असेल तर दहा तास धरून चाला. मॅकिनॉ ब्रिज ओलांडला की अप्पर पेनिन्सुला, म्हणजे मिशिगनचा उत्तरेकडचा तुकडा लागतो, आणि तिथली लोकं आपल्यासारख्या पुलाच्या दक्षिणेच्या लोकांना 'ट्रोल' म्हणतात, म्हणजे गोष्टीतला पुलाखालचा राक्षस, का तर आपण पुलाखाली राहतो. हे मला पुढे ऐकून घ्यायचंच होतं.

खरं तर आदल्या वर्षीच जायचं होतं. पण 2023-24 चा हिवाळा आठवतोय ना, इतका गरम गेला की बर्फच नाही, बुकिंग कॅन्सल, डिपॉझिटमधले अर्धे गेले. तेव्हा भाच्याने हेक्की लुंटाची गोष्ट सांगितली. हा तिथल्या फिनिश लोकांचा बर्फाचा देव, पण जुना बिना काही नाही, 1970 साली स्नोमोबाइलची रेस होती आणि बर्फ पडेना म्हणून कुणीतरी एक गाणं रचलं, त्यातून हा देव जन्माला आला. मग इतका बर्फ पडला की आता बास कर म्हणून दुसरं गाणं करायला लागलं म्हणे. आपल्याकडे पावसासाठी बेडकाचं लग्न लावतात आणि धोंडी काढतात, तसलाच प्रकार. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

तर 2025 च्या फेब्रुवारीत बर्फ चांगला होता. मी, बायको, भाचा आणि माझा एक सोलापूरकर मित्र (नाव लिहू नको म्हणालाय, त्याच्या ऑफिसात माहीत नाही). शनिवारी सकाळी आठला रेंटलच्या दुकानात. तिथे दीड तास गेला. फॉर्म, सही, व्हिडिओ, क्रेडिट कार्डावर दोन हजार डॉलरचं होल्ड, आणि मग दुकानातला पोरगा गाडीभोवती फिरून आधीचे ओरखडे दाखवणार. मी प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला, बायको म्हणाली पासपोर्ट ऑफिसात आलोय का. संध्याकाळी सातच्या आत परत, नाहीतर लेट फी, हे त्याने तीनदा सांगितलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथे कुणी स्नोमोबाइल म्हणत नाही, सगळे स्लेडच म्हणतात. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, ज्याला ट्रॅक म्हणतात, उजव्या अंगठ्याने थ्रॉटल, डाव्या हाताने ब्रेक. गिअर नाहीत, स्कूटीसारखा बेल्ट. चालवायला सोपी आहे, पण अंगठा! पहिल्या वीस मैलांत माझा अंगठा असा काही आखडला की दुपारी चहाचा कप पण धरता येईना. आणि हेल्मेटची काच. आत श्वास सोडला की वाफ, वाफेचा बर्फ, मग काच उघडायची तर शून्याखाली पंधरा डिग्रीची हवा थेट नाकात. बायकोने सासूबाईंनी पाठवलेली माकडटोपी हेल्मेटच्या आत घातली होती, चौघांत तिची एकटीची काच स्वच्छ. बाकी आम्ही तिघं साठ-साठ डॉलरचे बालाक्लाव्हा घालून आंधळे.

सुरुवात मात्र झकास. हॉटन आणि हँकॉकच्या मधे पोर्टेज लेकवरचा लिफ्ट ब्रिज आहे, 1959 सालचा, मधला अख्खा तुकडा वर-खाली होतो बोटींसाठी. त्याच्या खालच्या मजल्यावरून पूर्वी रेल्वे जायची, आता हिवाळ्यात तिथून स्लेड जातात. डोक्यावर गाड्या धडधडतायत, खाली गोठलेला कालवा, समोर टेकडीवर क्विन्सी खाणीचा तो उंच काळा सांगाडा. सोलापूरकर ओरडला, काय बे, पैसे वसूल! फार घाई केली त्याने.

मग तीन नंबरची ट्रेल, म्हणजे स्लेडसाठी ठेवलेला बर्फाचा रस्ता, लागली, ही कॉपर हार्बरला जाते, पन्नास-पंचावन्न मैल धरा. पहिले दहा मैल ठीक. नंतर खड्डे. खड्डे म्हणजे रस्त्यातले नाहीत, बर्फाचेच उंचवटे, एकामागून एक, गुडघ्याएवढे, तिथली लोकं मोगल म्हणतात. (मोगल म्हटल्यावर भाच्याला मी जो जोक मारला तो इथे लिहीत नाही, त्याने कानच झाकले.) प्रत्येक स्लेड वेग घेताना ट्रॅकने थोडा बर्फ मागे खरवडते, ब्रेक मारताना पुढे ढकलते, मागून येणारी त्याच खड्ड्यात आपटते आणि तो अजून खोल करते. शनिवारी शेकडो स्लेड. दुपारी बारापर्यंत आमची पाठ म्हणजे सांगलीच्या एसटीत मागच्या सीटवर बसून कोकणात उतरल्यासारखी. बायको मागे बसलेली, तिला तर पुढचा उंचवटा दिसतच नव्हता, दर वेळी नवीन धक्का. ती बोलायची बंद झाली तेव्हा मला भीती वाटली.

या सगळ्यात शिव्या कोणाला दिल्या? ट्रेलवाल्यांना. टॅक्स घेतात, परमिटचे पैसे घेतात, रस्ता नीट ठेवता येत नाही का, अगदी पुण्यात देतो तशाच सुरात.

वळणावर समोरून दहा-बाराजणांचा ग्रुप आला. हाताच्या खुणा असतात, पुढचा माणूस बोटांनी दाखवतो मागे किती आहेत, शेवटचा मूठ दाखवतो म्हणजे संपले. पहिल्याने पाच बोटं दाखवली, मी पाच मोजले आणि निघालो, तर सहावा अंगावर. पाचच्या वर असले तरी हात एकच ना! मी घाबरून उजवीकडे घेतली आणि ट्रेलच्या कडेच्या मऊ बर्फात स्की घुसली. स्लेड हळूच, अगदी म्हशीसारखी, कुशीवर झोपली. आम्ही दोघं उतरलो ते थेट कमरेपर्यंत आत. अडीचशे किलोच्या वरचं धूड, पाय ठेवायला जमीन नाही, ओढायचं कशाला धरून? चौघांनी अर्धा तास बर्फ तुडवून तुडवून आधी खाली पक्कं केलं मग ती सरळ झाली. घामाने आतून ओलेचिंब, आणि मग थंडी. तो सहावा थांबला आणि मदत पण केली, हे सांगायला हवं. जाताना म्हणाला, पुलाखालचे ना तुम्ही?

मग स्लेड चालू होईना. किल्ली फिरवतोय, काही नाही. सोलापूरकरने हूड उघडलं, तो मेकॅनिकल इंजिनिअर, गेली वीस वर्षं एक्सेल शीट भरतो, त्याने प्लग, बेल्ट, फ्यूज सगळ्यावर मत दिलं. वीस मिनिटांनी बायकोने हँडलवरचं लाल बटण वर ओढलं. किल स्विच, इंजिन बंद करायचं बटण. पडताना माझ्याच हाताने दाबला गेला होता. कुणी काही बोललं नाही, पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी जपून ठेवलं.

बेल्ट मात्र खरंच तुटला, पण भाच्याच्या स्लेडचा, कॅल्युमेटच्या पुढे. जळक्या रबराचा वास, ठप्प. स्पेअर बेल्ट होता, हत्यार नव्हतं, दुकानात फोन केला तर म्हणे हत्यार सीटखाली असतं, तिथे होता एक रिकामा पाउच आणि कुणाचं तरी अर्धं चॉकलेट. शेवटी मागून आलेल्या एका आजोबांनी स्वतःच्या हत्याराने दहा मिनिटांत बदलून दिला, हातमोजे काढून, उघड्या बोटांनी, शून्याखाली पंधरा. त्यांच्याच इंजिनाजवळ फॉइलमध्ये गुंडाळून काहीतरी ठेवलं होतं. पास्टी. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी इथे आणलेला पदार्थ, आत मांस, बटाटा आणि रुटाबागा नावाचा सलगमचा एक भाऊ, दिसायला मोठी करंजी. सायलेन्सरवर गरम करून खातात. बायकोचे डोळे चमकले. बॅगेत तिची थालीपिठं होती, दगड झालेली. पुढच्या दहा मैलांत ती आजोबांच्या पद्धतीने गरम झाली, थोडा पेट्रोलचा वास, वर सोलापूरकरची शेंगाची चटणी. उभ्याने खाल्ली. त्या अख्ख्या दिवसात कुणी तक्रार केली नाही अशी ती एकच दहा मिनिटं.

पुढे एक फाटा बंद, पिवळी पाटी, वळसा घाला. लाकूडतोडीचे ट्रक चालू असले की तो रस्ता खरवडून काढतात, मग तिथे बर्फ उरत नाही. आणि बरीचशी ट्रेल खाजगी जमिनीतून जाते, मालक परवानगी देतो म्हणून आहे. कुणीतरी मस्ती करत ट्रेल सोडून त्याच्या नवीन लावलेल्या रोपांवर स्लेड घातली की पुढच्या वर्षी फाटक. हे सगळं आजोबांनी सांगितलं होतं बेल्ट बसवता बसवता. आम्ही मान डोलवली आणि वळसा आला तेव्हा परत शिव्या दिल्याच.

कॉपर हार्बरला पोचलो साडेतीनला. यूएस-41 हा हायवे तिथे संपतो, म्हणजे दुसरं टोक मायामीत आहे, आणि त्या क्षणी आम्हा चौघांनाही ते दुसरं टोक हवं होतं. समोर लेक सुपीरिअर, काठाला बर्फाचे ढीग, पुढे शिशासारखं पाणी. पाच मिनिटं बघितलं. परत निघायचं होतं, सात वाजायच्या आत. (मोहॉकजवळ हायवेच्या कडेला बर्फ मोजायची उंच पट्टी आहे, 1978-79 च्या अख्ख्या हिवाळ्यात पडलेल्या बर्फाचा विक्रम 390.4 इंच, म्हणजे तीन मजली घर बुडेल एवढा, ती आम्ही दुसऱ्या दिवशी कारने जाऊन बघितली, बसून, पाठीला उशी लावून.)

परतीचं सांगण्यासारखं काही नाही, तेच खड्डे उलट्या बाजूने.

सहाच्या सुमारास, अंधार पडत आलेला, एका चौकात पिवळा दिवा फिरताना दिसला. ग्रूमर. पट्ट्यांवर चालणारा मोठा ट्रॅक्टर, मागे लांबलचक लोखंडी फ्रेम, तिच्यात पाती, ती उंचवटे कापतात आणि शेवटचा जड पत्रा सगळं दाबून सपाट करतो. ड्रायव्हर खाली उतरून पात्यात अडकलेली फांदी काढत होता. साठीचा माणूस. सोलापूरकर दिवसभराचा राग घेऊन उतरला होता, पण त्या माणसानेच आधी विचारलं, ट्रेल कशी होती? सोलापूरकर म्हणाला, बरी होती.

मग त्याने सांगितलं, तासाला आठेक मैल चालतो, रात्रभर, सकाळी घरी जाऊन झोपतो. लोकल क्लबचं काम, पैसे आपल्या परमिटमधून येतात. दिवसा करून उपयोग नाही, कापून दाबलेला बर्फ थंडीत चार-पाच तास नुसता बसू द्यायला लागतो, मग तो घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशी टिकतो. ओला असताना त्याच्यावरून कुणी गेलं की झालं, उद्या अकरालाच परत खड्डे. हे बोलताना तो आमच्याकडे बघत नव्हता, फांदी बाजूला टाकत होता.

त्याने हॉटनच्या बाजूचा भाग नुकताच करून आणला होता. म्हणजे आमच्यापुढचे पंधरा मैल. दिव्याच्या उजेडात ती ट्रेल दिसली, बारीक रेघांची, इस्त्री केलेल्या नऊवारीसारखी, एक पाऊल नाही तिच्यावर. दुसरा रस्ता नव्हता. सहा वाजून दहा मिनिटं.

भाचा म्हणाला, "मामा, कडेकडेने जाऊया का?"

कडेचा मऊ बर्फ आम्ही सकाळी बघितला होता. मधूनच गेलो. काय सांगू, लोण्यावरून सुरी गेल्यासारखं, दिवसभर ज्याची वाट बघितली ते हेच, बायको मागून चक्क गाणं म्हणायला लागली. मी आरशात एकदा बघितलं, मागच्या लाल दिव्यात आमच्या ट्रॅकने उडवलेला भुसा आणि त्याखाली उकरलेली पट्टी, परत बघितलं नाही.

सात वाजायला चार मिनिटं कमी असताना दुकानात पोचलो. रेंटलच्या पोराने टॉर्च घेऊन ओरखडे मोजले आणि विचारलं, ट्रेल कशी होती?