लाल राणीच्या दारात

मेक्सिकोतल्या चियापासचं जंगल सकाळीच घामाने भिजवतं. पालेंके गावातून व्हॅनने जुन्या माया नगरीच्या अवशेषांपाशी उतरले, तर झाडांवरून हाऊलर माकडं वाघासारखी डरकाळत होती.

शिलालेख मंदिरासमोर गर्दी होती. या नगरीच्या पाकाल राजाची कबर १९५२ मध्ये तिथेच सापडली. मी मात्र आले होते शेजारच्या बुटक्या तेराव्या मंदिरासाठी. १९९४ मध्ये फॅनी लोपेस हिमेनेस या तरुण पुरातत्त्वज्ञ बाईंना पायऱ्यांमध्ये बुजवलेल्या दाराची फट दिसली. आत दगडी शवपेटी, तिच्यात साठीच्या आसपासची एक स्त्री, तोंडावर मॅलाकाइटच्या हिरव्या तुकड्यांचा मुखवटा आणि हाडं हिंगुळाने लालभडक. म्हणून ती 'लाल राणी'. माया लोकांसाठी लाल हा पूर्वेचा, उगवत्या सूर्याचा रंग.

अरुंद, दमट वाटेने आत गेले. पेटी अजून तिथेच आहे. तिच्यावर एक अक्षरही नाही! पाकालच्या कबरीवर केवढा मजकूर, आणि हिचं नावसुद्धा कोरलेलं नाही. डीएनएवरून ती पाकालच्या रक्ताची नव्हती हे कळलं. त्यामुळे ती त्याची राणी त्साकबू आहाव असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. एवढ्या मानाने पुरलेल्या बाईचं नाव अंदाजाने घ्यावं लागतं, याचं फार वाईट वाटलं.

पण या नगरीत बायकांची नावं पुसली जात होती असं मुळीच नाही. योल इकनाल ही राणी ५८३ पासून ६०४ पर्यंत स्वतः गादीवर होती. राजवाड्यात भिंतीतला लंबगोल दगडी फलक बघा: पाकाल दुतोंडी जग्वारच्या आसनावर बसलाय आणि त्याची आई साक कुक मुकुट पुढे करतेय. तो ६१५ मध्ये राजा झाला तेव्हा बारा वर्षांचा होता. फलक मात्र त्याने पुढे, मोठेपणी घडवून घेतला. राज्य कुणाच्या हातून आलं, हे त्याला सगळ्यांना दाखवायचं होतं.

दुपारी संग्रहालयात त्याच्या शवपेटीची प्रतिकृती पाहिली. चारी बाजूंना त्याचे पूर्वज झाडं होऊन जमिनीतून उगवतात. योल इकनाल दोनदा येते, साक कुकही दोनदा. आईच्या मागे कोकोचं झाड आहे, शेंगांनी लगडलेलं.