हवा बघून रंगवायचं विमान

पुण्यात लोहगावच्या तळावरून सुखोई हे लढाऊ विमान उठलं की शेजारच्या विमाननगरात बोलणारा माणूस वाक्य अर्धं सोडतो आणि आवाज ओसरल्यावर पुढच्या शब्दापासून सुरू करतो. सुखोई-30 एमकेआय 2002 च्या सप्टेंबरात हवाई दलात आलं ते इथेच. खरं विमान 22 मीटरला थोडं कमी, म्हणजे त्याचं 1/72 मापाचं, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, प्लॅस्टिकचं मॉडेल साधारण 30 सेंटीमीटर, शाळेच्या पट्टीएवढं. मिग-21 च्या मॉडेलचे पंख तर या टोकापासून त्या टोकापर्यंत दहाच सेंटीमीटर भरतात. ही प्लॅस्टिकची विमानं जन्मात उडत नाहीत, शोकेसमध्ये बसून असतात. तरी त्यांचं सगळं हवेवरच अवलंबून.

तसं जोडकामापर्यंत हवा फारशी आड येत नाही. किटचं, म्हणजे डब्यातल्या सुट्या भागांचं, प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोलचं सख्खं भावंड. गणपतीच्या मखरावर भलताच स्प्रे मारून खड्डे पडलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना मॉडेलचं सिमेंट वेगळं समजावावं लागत नाही. ते डिंकासारखं चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. म्हणून दोन भाग आधी दाबून धरायचे आणि मग पातळ सिमेंटच्या ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. ते आपोआप आत धावतं. फटीवरच बोट असेल तर बोटाखालीही धावतं आणि पंखावर अंगठ्याचा ठसा कायमचा उमटतो. जोड एक दिवस तसाच ठेवावा. ओला असताना घासला तर सुकल्यावर तिथे बारीक खाच पडते. पुढे 400, 600, 1000 नंबरचा वॉटर पेपर, तोही पाणी लावूनच. कोरडं घासलं की भुकटी प्लॅस्टिकला चिकटून बसते.

नाकाच्या चाकावर उभं राहणारं विमान बऱ्याचदा शेपटीवर बसतं, त्यामुळे नाकात वजन भरावं लागतं. त्यासाठी सायकलवाल्याकडचे पोलादी छर्रे उत्तम. शिसं वापरलंच, तर ते फेविकॉलमध्ये बसवू नये. त्याच्यावर हळूहळू पांढरा क्षार चढतो, फुगतो आणि काही वर्षांनी नाक उकलतं. तोवर आपण त्या विमानाला विसरलेलो असतो.

खरा छळ रंगापासून. रंगाचे तुषार उडवणाऱ्या एअरब्रशला 0.3 मिलिमीटरचा नोझल, हवेला 15 ते 20 पीएसआय दाब, आणि रंग दुधाइतका पातळ. म्हशीच्या नव्हे, गाईच्या. हे आकडे सगळीकडे सारखेच सांगतात, पण पुण्याची हवा वर्षातून तीनदा बदलते ते त्यांत धरलेलं नसतं. एप्रिलच्या दुपारी अॅक्रिलिक रंग नोझलच्या टोकावरच सुकतो, मग तुषारांऐवजी कोरडी पूड उडते आणि पंखाला हात लावला तर पॉलिश पेपर लागतो. रंगाचं सुकणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन-चार थेंब त्यात घालावेत, दर थोड्या वेळाने सुईचं टोक थिनरच्या बोळ्याने पुसावं, किंवा सरळ सकाळी सातला बसावं. त्यात उन्हाळ्याची धूळ. अर्ध्या मिलिमीटरचा कण 72 पटींनी मोठा करून पाहा, 36 मिलिमीटर होतो. म्हणजे लढाऊ विमानाच्या पंखावर कुणीतरी लिंबू ठेवून गेलंय.

पावसाळ्यात उलटं. वार्निश म्हणून मारायच्या लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि जुलैच्या ओल्या हवेतलं पाणी त्यावर धरतं. ते वार्निशमध्येच अडकलं की काळ्या टायरपासून हिरव्या पंखापर्यंत सगळ्यावर दुधाळ साय. घाबरून आणखी एक हात मारू नये. कोरडा दिवस बघून रिटार्डर घातलेल्या लॅकर थिनरचा अगदी हलका फवारा दिला तर वरचा थर पुन्हा मऊ होतो आणि बरेचदा साय निघून जाते. कॉम्प्रेसरच्या नळीतही याच दिवसांत पाणी साचतं, आणि नळीवर पाणी पकडणारा फिल्टर नसेल तर ते नेमकं शेवटच्या थरावर थुंकतं. आर्द्रतामापक मिळतो, पण गॅलरीतल्या दोरीवरचा टॉवेल पुरतो. संध्याकाळपर्यंत तो वाळला नसेल तर त्या दिवशी वार्निशची बाटली उघडू नये. बोहरी आळीतून आणलेला एनसी थिनर एअरब्रश धुवायला स्वस्त आणि चांगला, पण उघड्या प्लॅस्टिकवर पडला तर मखराचीच गत.

डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची छापील चिन्हं, लावताना शत्रू पुन्हा हवाच. मॅट रंग सूक्ष्म खडबडीत असतो. त्यावर डिकॅल बसवलं की खालच्या खळग्यांत हवा राहते आणि पारदर्शक कडा चांदीसारखी चमकते. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं असं आपल्या हवाई दलाचं वर्तुळ मग रंगवलेलं वाटत नाही, स्टिकर वाटतं. म्हणून आधी ग्लॉस, मग डिकॅल, सगळ्यात शेवटी मॅट. कोमट पाण्यात वीसेक सेकंद भिजवावं, कागदावरून सरकवून बसवावं, ओल्या ब्रशने मधून कडेकडे पाणी काढावं. डिकॅल सॉफ्टनर लावल्यावर त्याला सुरकुत्या पडतात. त्या बघून हात शिवशिवतात, पण लावायचे नाहीत. सुकताना त्या आपल्याआप ताणल्या जातात. ब्रशने ‘जरा सरळ’ करायला गेलेली बहुतेक डिकॅल्स फाटलेली आहेत.

वैमानिकाची काच फेविक्विकने चिकटवू नये. त्याची वाफ आतून काचेवर पांढरी धरते, आणि दमट हवेत जास्तच. इथे मात्र फेविकॉल हवा, तो सुकल्यावर दिसतही नाही. काचेवरचा मास्किंग टेप सगळं संपल्यावर, शेवटच्या दिवशी काढायचा. बहुतेक वेळा तेव्हाच कळतं, की आत वैमानिकाच्या खांद्यावर टॉवेलचा एक बारीक तंतू पडलेला आहे.