मोहरा बारा कमी

"आत्या, देऊळ बांधायलोय मी. पन्नास हजार मोहरा. जास्त होतायत का गं?"

रविवारची दुपार. एप्रिलातलं सोलापूर, कूलर नुसता गरम वारा फिरवतोय. जेवणाच्या टेबलावर भाच्याची चौकडी डंजन्स अँड ड्रॅगन्स मांडून बसलेली, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा साहसाचा खेळ. वीस पैलूंचा फासा शेंगाचटणीच्या वाटीत पडता पडता वाचला. पोरगं या खेळात क्लेरिक आहे, म्हणजे थोडा पुजारी, थोडा पैलवान. आता त्याला स्वतःचं देऊळ हवंय.

मी बँकेत 32 वर्षं काढली. आकडे दिसले की चष्मा आपोआप नाकावर येतो. खेळाच्या नियमांचं पान मागून घेतलं. 2014 च्या नियमांत देवळाचा भाव पक्का: 50,000 मोहरा, 400 दिवस. मोठ्या देवळाचा रोजचा खर्च 25 मोहरा, कामाला दहा जाणती माणसं आणि दहा बिगारी. लहान देवळाला रोजची एक मोहर, माणसं दोन. तेलवातीचा रकाना नाही, नारळाचा नाही, चपला सांभाळणाऱ्याचा तर नाहीच.

लहान देऊळ म्हटल्यावर आमच्या बोळातला मारुती आला डोळ्यांपुढं. आजोबा त्याचे खजिनदार. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दानपेटी आमच्या सोप्यात यायची. जुनी चादर अंथरून तिच्यावर पेटी उपडी. मारुतीची चिल्लर तेलकट असते. चौकोनी पाच पैसे, कंगोऱ्यांचे दहा पैसे, षट्कोनी वीस पैसे, सगळ्यांना शेंदूर आणि सगळी एकमेकांना चिकटलेली. परातीत राख टाकून ती चोळायची आणि चळती लावायच्या, हे काम माझं. बोटं दोन दिवस नारिंगी. आजोबा टाकानं वहीत लिहायचे: तेल, वाती, रुईची माळ, घंटेचा दोर. चार आणे कमी भरले तर दिवाणाखाली हात घालायचा. हिशोब जुळल्याशिवाय चहा नाही. मला अजूनही नाही. घरचे याला आजार म्हणतात.

एकदा पेटीतून पँटचं बटण निघालं. आजोबांनी ते जमेला धरलं नाही, पण टाकूनही दिलं नाही. वहीत नोंद केली: बटण, नग एक.

"जुन्या नियमांत मजा होती बघा आत्या," खेळ चालवणारा पोरगा म्हणाला. 1978 च्या नियमांत क्लेरिकनं आठव्या लेव्हलला प्रार्थनास्थळ काढलं की 20 ते 200 भक्त आपसूक येऊन राहायचे, बिनपगारी. नवव्या लेव्हलला 2,500 चौरस फुटांचं मंदिर पोटात घेऊन अख्खा गड उभा करता यायचा, तोही निम्म्या खर्चात. भोवती वस्ती झाली की माणशी महिना 9 चांदीची नाणी. त्याच्याही आधी, 1974 साली, हिशोब आणखी सोपा: एक लाख घाला, दोन लाखांचा किल्ला घ्या. उरलेली मदत वरून.

बिनपगारी भक्तांचं मात्र मला लगेच पटलं. तशी माणसं आमच्याकडं संक्रांतीच्या यात्रेत बघावीत. पांढऱ्या बाराबंदीतले लोक ग्रामदैवत सिद्धेश्वराचे 7 नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, पेलत गावाभोवतीच्या 68 लिंगांना जातात. त्याआधी कितीतरी रात्री सराव. त्यांच्यापैकी एकाला हजेरी किती घेता म्हणून विचारून या, मग बोलू.

2014 च्या नियमांतला एक मात्र झोंबला. बांधकाम चालू असताना मालक जितके दिवस बाहेर, त्या प्रत्येक दिवसामागं काम तीन दिवस लांबतं. भाचा ड्रॅगन मारायला वीस दिवस गेला, साठ दिवस बोंबलले. आमच्या मारुतीचा सभामंडप मी पाचवीत असताना काढला होता. स्लॅब पडला, वरचे गज तसेच उघडे. आता त्यांना दोरी बांधून शेजारचे कपडे वाळत घालतात. आणि कमिटी तर कुठंही गेली नव्हती. रोज संध्याकाळी पारावर हजर.

पाच वाजले. पोरं फासे गोळा करायला लागली. भाचा कागदाकडं बघत म्हणाला, "आत्या, बारा मोहरा कमी भरायल्यात."

"टेबलाखाली बघ," मी म्हटलं, आणि चहाचं आधण खाली उतरवलं.