फुकटचा नायट्रोजन आणि मुळांवरची बुरशी

पाइन, ओक, बीचच्या बारीक मुळांची टोकं भिंगातून बघा, त्यांच्यावर बुरशीचा मोजा चढवल्यासारखा दिसतो, त्यातून निघालेले तंतू मातीतून नायट्रोजन, फॉस्फरस आणतात आणि झाड बदल्यात साखर देतं. आता गाड्यांचा धूर आणि शेतीतला अमोनिया यांच्यामुळे नायट्रोजन पावसातूनच फुकट पडतोय, मग झाड कशाला साखर देईल? युरोपातल्या जंगलांत हेक्टरी वर्षाला जेमतेम 5-6 किलो झाला तरी बुरशीच्या जाती बदलायला लागतात, म्हणजे किती थोडा बघा! कुजक्या पाल्यातून नायट्रोजन ओढून काढणाऱ्या कॉर्टिनेरियससारख्या कष्टाळू जाती आधी गायब, पॅक्सिलससारख्या टिकून राहतात. आणि खरी गोची पुढेच आहे, नायट्रोजन भरमसाठ पण फॉस्फरस आणणारे कमी, त्यामुळे युरोपात बऱ्याच ठिकाणी झाडांच्या पानांतला फॉस्फरस घटतोय.