म्हस यायलालीया

माझं काम ऐकायचं. बेळगावात टिळकवाडीतल्या एका खोलीत हेडफोन लावून बसते. शेतकऱ्यांनी फोनवर मशीनला विचारलेले प्रश्न माझ्याकडे तुकड्यातुकड्यांनी येतात, शेजारी मशीनला काय ऐकू आलं ते छापलेलं असतं. चुकलेलं दुरुस्त करायचं, पुढचा तुकडा उघडायचा. बहुतेक ऊस, पाऊस, खताचे दर.

त्या मंगळवारी जेवणाआधीचा तुकडा आठ सेकंदांचा होता. म्हातारा आवाज, निपाणीकडचा हेल, धाप लागलेली. "म्हस यायलालीया, अक्का. एकच पाय भाईर हाय. काय करू, बेग सांग की!" मशीनचा आवाज बाईचा, म्हणून अक्का.

मशीननं लिहिलं होतं, "म्हैस यायला लागली आहे अक्का, एकच पाय बाहेर आहे, काय करू, बॅग सांग की." खाली खात्रीचा आकडा, ९१ टक्के. आणि म्हाताऱ्याला मिळालेलं उत्तर: "आपली म्हैस परत येत आहे हे ऐकून आनंद झाला. आपल्याला कोणत्या बॅगेविषयी माहिती हवी आहे?"

आधी मी हसले. खरंच हसले, आणि मग घास उतरेना.

आमच्याकडे 'व्याली'तला व तोंडातच राहतो. गाय याली, म्हस याली. बेग म्हणजे कन्नडात लवकर. रेडकू नीट येत असेल तर पुढचे दोन्ही पाय आणि त्यांवर टेकलेलं नाकाड दिसतं. एकच पाय दिसला तर दुसरा आत दुमडलेला असण्याची भीती, आणि घाबरून ओढलं तर दोन्ही जीव जायचे. माझी आई नांदगडची. "एकच पाय?" एवढं म्हणून ती पायताण न घालता डॉक्टरकडे धावली असती.

मशीनच्या कानाचा दोष म्हणावा, तर तोही नाही. 'यायला' हा आवाज त्यानं बरोबर पकडला होता. आवाजाचे बारीक काप करायचे आणि कुठला शब्द कुठल्या शब्दाशेजारी जास्त वेळा आला होता त्यावरून अंदाज बांधायचा, ही त्याची रीत. त्यानं वाचलेल्या मराठीत म्हशी येत होत्या, जात होत्या. यायच्या नव्हत्या.

तुकड्यावरची तारीख चार दिवसांपूर्वीची होती. नाव, नंबर आम्हाला दिसत नाही, आणि दिसू नये हेही मला पटतं. तरी पुण्याच्या सरांना फोन केला. "मॅडम, दुरुस्त करून पाठवा. पुढच्या वेळी शिकेल ते." माणूस वाईट नाही. त्यांच्यापुढेही तुकड्यांचा ढीगच असतो.

कॉलेजात असताना '२००१: अ स्पेस ओडिसी' पाहिला होता, १९६८चा. त्यातल्या संगणकाला ऐकू जाऊ नये म्हणून दोघे अंतराळवीर बंद यानात बसून बोलतात, तर तो काचेतून त्यांचे ओठ वाचतो! तेव्हा अंगावर काटा आला होता. आता वाटतं, कल्पना करणाऱ्यांनी भीती भलतीकडेच लावली. त्यांचा संगणक सगळं समजून नकार देतो. माझं मशीन नकार देत नाही, समजल्यासारखं गोड बोलतं. एक गोष्ट मात्र जुळते. तोही आपल्या मालिकेतल्या कुठल्याच संगणकानं कधी चूक केली नाही म्हणून सांगत असतो. ९१ टक्के.

यंत्रांना बोलणं तसं आधीच जमलं होतं. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत आयबीएमच्या संगणकानं गाणं म्हटलं होतं, तेच सिनेमातला संगणक बंद पडताना म्हणतो. पण १९६२ साली त्याच आयबीएमनं सिअ‍ॅटलच्या जत्रेत ऐकणारं यंत्र मांडलं, त्याला फक्त सोळा शब्द कळत, त्यातले दहा तर आकडेच. तोंड कधीच सुटलं होतं, कान मागेच राहिले.

मी तुकडा दुरुस्त केला. शेरा मारायच्या रकान्यात एरवी कुणी काही लिहीत नाही. मी लिहिलं, 'यायलालीया म्हणजे व्यायला लागली आहे. तातडीचं.'

तीन आठवड्यांनी तोच आवाज पुन्हा आला. उसाचं बिल कधी जमा होणार, एवढंच विचारत होता. मशीननं एकही अक्षर चुकवलं नव्हतं, मला काही करायचं नव्हतं. तरी मी तो तुकडा चारदा ऐकला, आवाज वाढवून, त्याच्या मागचं ऐकायला. ट्रॅक्टर होता. कुणाच्या तरी रेडिओवर कन्नड गाणं होतं.